पावसाळ्यात मॉप वाळतच नाही, मग वास येणारच!

पावसाळ्यातल्या घराच्या सफाईबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. मला वाटलं भिंतीची ओल, कपाटातली बुरशी, चपलांचा वास असलं काहीबाही येईल, पण पत्रांचा गठ्ठा उघडला तर अर्ध्याच्या वर मॉप, पोछा आणि फडकी! बरं आहे, ज्यानं घर पुसायचं तेच घाण असेल तर बाकीचं बोलून उपयोग काय. तेव्हा आज नुसतं तेवढंच.

प्रश्न : आमच्याकडे बादलीवाला स्पिन मॉप आहे. उन्हाळाभर ठीक असतो पण जून लागला की वास मारायला लागतो. फिनाईल दुप्पट घालून बघितलं, सुगंधी लिक्विड घातलं, तासभर बरं वाटतं मग परत तोच कुबट वास, आता तर पुसलेल्या लादीलाही येतो. मी पुसून झाल्यावर मॉप नीट पिळते आणि त्याच बादलीत उभा करून न्हाणीत ठेवते. अजून काय करू? — एक गृहिणी, गुहागर

उत्तर : ताई, तुमचं सगळं बरोबर चाललंय, फक्त ते शेवटचं वाक्य सोडून. बादलीत उभा केलेला मॉप म्हणजे ओली झालर खाली, वर दांडा, बाजूला प्लास्टिकची भिंत आणि तळाला राहिलेलं कपभर गढूळ पाणी, वारा शिरणार कुठून? त्यात आपल्याकडची पावसाळी हवा, जिच्यात दोरीवरचा पातळ पंचासुद्धा दोन दोन दिवस दमट राहतो. ओल, ऊब आणि धाग्यात अडकलेला मळ एवढं मिळालं की जिवाणूंना दुसरं काही लागत नाही. ओल्या कपड्यांना जो कुबट वास येतो त्याच्यामागं मोराक्सेला नावाचा जिवाणू असतो हे जपानमधल्या संशोधकांनी 2012 साली दाखवून दिलं, हा पठ्ठ्या मळ खातो आणि वास सोडतो. फिनाईल वरून ओतलं की तासभर त्याचा वास पुढं आणि ह्याचा मागं एवढाच फरक पडतो. उलट जास्तीचं लिक्विड नीट खळबळलं गेलं नाही तर धाग्यात बसतं, धागा चिकट होतो आणि चिकट धाग्याला धूळ आणखी धरते, म्हणजे दुप्पट फिनाईल घालून तुम्ही मॉप दुप्पट घाण करताय असं म्हणलं तरी चालेल.

आता धुवायचं कसं. आधी झालरीची चकती दांड्यापासून काढा, बऱ्याच स्पिन मॉपात चकतीवर पाय ठेवून दांडा थोडा तिरका करून वर ओढला की सुटते. चकती उलटी करून बघा, केस गुंडाळलेले असतात, भाताचं शीत असतं, नारळाची शेंडी असते, ते सगळं हातानं नाहीतर जुन्या कंगव्यानं उपटून काढा. मग नुसत्या पाण्यात खळबळा, पाणी बदला, परत खळबळा, साबण अजून घालायचाच नाही. गाळ निघाला की अर्धी बादली कोमट पाणी, हात बुडवून ठेवता येईल इतपत गरम, त्यात एक मोठा चमचा कपड्याची पावडर, आणि अर्धा तास भिजत. मग चोळायचं, आणि इथं लक्ष द्या, सगळे टोकं चोळतात कारण काळी टोकंच दिसतात, पण वास बसलेला असतो धागे जिथं चकतीला शिवलेले असतात त्या मुळाशी. बोटं घालून ती गोल शिवण चोळा, कपड्याचा ब्रश मारला तरी चालेल, तिथून जे काळं पाणी निघेल ते बघून तुम्हालाच कळेल मी काय म्हणतोय ते. शेवटी फेस पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी.

स्पिन मॉपचे धागे बहुतेक मायक्रोफायबरचे असतात, म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉन. त्याला उकळतं पाणी नको, 60 अंशाच्या वर नकोच, साधं क्लोरीनवालं ब्लीच नको आणि कपड्याचं सॉफ्टनर तर अजिबात नको, सॉफ्टनरचा थर बसला की तो धागा पाणी ओढेनासा होतो आणि मॉप नुसता लादीवर सरकत राहतो. वास हट्टी असेल तर कपड्याचे डाग काढायची जी ऑक्सिजन ब्लीचवाली पावडर मिळते ती पाकिटावर लिहिलेल्या मापात चालते.

जुना सुती दोऱ्यांचा मॉप असेल तर गोष्ट वेगळी, तो उकळा, चालतं. त्याला साधं ब्लीचही चालतं, 1 लिटर पाण्याला 20 मिली, दहा मिनिटं, पण आधी साबणानं धुतल्यावरच कारण मळ असला की ब्लीचचा जोर त्या मळावरच संपतो. खिडक्या उघड्या ठेवा. आणि ब्लीचच्या बादलीत फिनाईल, व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर काही म्हणजे काही मिसळायचं नाही, ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

धुणं हे निम्मं काम झालं, खरं काम वाळवणं. पिळून झाल्यावर बादलीतच दोन चार वेळा जोरात फिरवा, बाहेर काढून झटका, धागे हातानं सुटे करा आणि पडवीत जिथं वारा लागतो पण पावसाची झड येत नाही अशा ठिकाणी खिळ्याला झालर वर दांडा खाली असा लावा. झालर वर हे महत्त्वाचं. पडवी नसेल, फ्लॅट असेल, तर रात्री पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर. न्हाणीत बंब असेल तर त्याच्या अंगाला नको पण हातभर लांब दोरी बांधून तिथं लटकवा, सकाळचा बंब पेटला की ती ऊब पुरते. आणि दोन चकत्या ठेवाच, एक वापरात एक वाळत, सुटी चकती काही फार महाग नसते. रोजच्या वापरात दोन तीन महिन्यांनी तसंही ती बदलायला होते, धागे चपटे होऊन एकमेकाला चिकटले की समजा वेळ आली.

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून अमावस्या पौर्णिमेला लादी पुसायच्या पाण्यात मूठभर खडेमीठ घालतात. मी हल्ली रोजच घालते, मुंग्या येत नाहीत असंही कोणीतरी सांगितलं. पण पावसाळ्यात लादी चिकट लागते, पाय चटचट करतात आणि पोछाही वाळत नाही. मिठाचा काही संबंध असेल का? — देवगड

उत्तर : संबंध म्हणजे काय काकू, मीठच आहे ते! हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, म्हणून तर पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे तुम्ही लादीवर आणि पोछ्याच्या धाग्यात मीठ पसरवताय, आणि ते दिवसभर हवेतली ओल ओढत बसतं, मग लादी चिकटणार आणि पोछा वाळणार कसा? मे महिन्यात हेच मीठ तुम्हाला जाणवतही नाही. वर स्पिन मॉपची जाळी, स्क्रू, दांड्याचा जोड यांना गंज लागतो तो वेगळा.

श्रद्धेच्या भागात मी पडत नाही. अमावस्येला घालायचं तर घाला, पण दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यानं लादी पुसून घ्या आणि पोछा दोन पाण्यांतून काढा. मुंग्यांसाठी सांडलेलं गोड लगेच पुसलंत तर मिठाची गरजच नाही.

समुद्राच्या अगदी अंगावर ज्यांची घरं आहेत त्यांना हेच लागू, मीठ घातलं नाही तरी खारा वारा आहेच, आणि काही विहिरींचं पाणीही मचूळ असतं. अशांनी शेवटचं खळबळणं पागोळ्यांखाली धरलेल्या पाण्यात करावं. पावसाळ्यात पागोळ्यांखाली घमेलं लावलं की हे पाणी फुकटात मिळतं, ते मऊ असतं, साबण पटकन सुटतो आणि क्षार मागे राहत नाहीत. पहिल्या पावसाचं मात्र धरू नका, कौलांवरचा सगळा कचरा त्यात येतो.

प्रश्न : आमचं घर जांभ्याचं, खळ्यात लाल माती. पांढरा मॉप आणला होता तो महिन्यात विटकरी झाला. ब्लीचमध्ये रात्रभर ठेवला तर पांढरा व्हायच्या ऐवजी पिवळट तांबूस झाला आणि धागेही तुटायला लागले. — लांजा

उत्तर : जांभ्याची माती लाल असते ती लोहामुळं, म्हणजे तुमच्या मॉपवर जे चढलंय ते जवळजवळ गंजच समजा. ब्लीच हळदीवर चालेल, चहावर चालेल, लोहावर चालत नाही, उलट पाण्यात विरघळलेलं लोह असेल तर ब्लीचमुळं ते गंजाच्या रूपात बाहेर पडून धाग्यावर बसतं, पिवळट तांबूस झाला तो त्यामुळं. आणि रात्रभर ब्लीचमध्ये ठेवल्यावर धागे तुटणारच.

लोहाच्या डागाला आंबट लागतं. ब्लीचचा अंश पूर्ण जाईपर्यंत तीन चार पाण्यांतून काढून घ्या, वर क्लोरीन वायूचं सांगितलंय ते इथंही लागू. मग 1 लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून तासभर भिजवा, चोळा, परत साध्या पाण्यात. दुधासारखा पांढरा होणार नाही, फिकट होईल. कोकमाच्या आगळानं तांब्याची भांडी लख्ख होतात म्हणून कोणी मॉपला आगळ लावायला सांगेल तर ऐकू नका, लोह थोडं जाईल आणि कोकमाचा डाग येईल.

एक सांभाळा. घरात शहाबादी किंवा कडाप्पा असेल तर लिंबूसत्त्वातून काढलेला मॉप नीट धुतल्याशिवाय त्याच्यावर फिरवू नका, ही दोन्ही चुनखडीच्या जातीची, आंबटानं त्यांची चकाकी जाते आणि मग ती परत येत नाही.

पण खरं सांगू का, लाल झालेला मॉप म्हणजे घाणेरडा मॉप नव्हे. वास येत नसेल, खळबळल्यावर पाणी स्वच्छ निघत असेल तर वापरा बिनधास्त. पुढच्या वेळी पांढरा घेऊच नका, विटकरी नाहीतर चॉकलेटी घ्या, आणि दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं टाका, एक पायरीवर एक उंबऱ्याशी. चिखलाचे पाय उमटले तर लगेच ओला मॉप मारायची घाई करू नका, पावसाळ्यात तासभर जास्त लागेल पण सुकू द्या, झाडून काढा, मग पुसा. ओला चिखल पुसला की निम्मा लादीच्या फटीत आणि निम्मा मॉपात जातो.

प्रश्न : आमचा छोटा होमस्टे आहे, चार खोल्या. पर्यटक समुद्रावरून येतात ते पायाबरोबर अख्खा किनारा घेऊन येतात. शिवाय स्वयंपाकघरात रोज मासे. एकच मॉप सगळीकडे फिरतो. परवा सासूबाई म्हणाल्या, "हो पोछो की कुसलेलो बांगडो गे?" आता काय बोलणार! — मालवण

उत्तर : वहिनी, सासूबाईंच्या नाकाला दाद दिली पाहिजे. पहिली गोष्ट, एक मॉप सगळीकडे हे आजच बंद करा. स्वयंपाकघराचा एक, खोल्यांचा एक, संडास बाथरूमचा एक, तिन्ही वेगळ्या रंगाचे, बादल्याही वेगळ्या, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींना सांगत बसायला नको, हिरवा म्हणजे खोल्या, निळा म्हणजे किचन, लाल म्हणजे बाथरूम. होमस्टेत हा खर्च नव्हे, पाहुणा खोली बघायच्या आधी खोलीचा वास घेतो.

वाळूचं असं, वाळू पुसायची नसते, झाडायची असते. ओल्या मॉपला वाळू लागली की ती धाग्यात रुतते आणि मग पुढच्या खोलीत तुम्ही लादीवर घासकागद फिरवत असता, गुळगुळीत टाइल्सवर बारीक चरे पडतात ते असेच. अंगणात हिरांची वाढवण, आत मऊ झाडू, आणि पायरीजवळ पाय धुवायला नळ नाहीतर पाण्याची बादली आणि तांब्या. पाटी लावा हवं तर. तरीही मॉपात वाळू गेलीच तर आधी वाळवा, मग बाहेर कठड्यावर आपटून झटका, ओल्यातून ती निघत नाही. बादलीच्या तळाला जी साठते ती नुसतं पाणी ओतून जात नाही, हातानं पुसून काढा, नाहीतर फिरकीच्या खाली जाऊन करकर आवाज करायला लागते.

माशाचं पाणी सांडलं तर आधी जुन्या फडक्यानं टिपून घ्या, ते फडकं फेका. मग थंड पाणी, गरम नाही, गरमानं रक्त आणि चिकट पाणी धाग्यात घट्ट बसतं. त्यानंतर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून पुसा, तो तेलकटपणा काढतो, फिनाईल काढत नाही. माशाच्या वासाच्या मुळाशी अमाइन नावाची द्रव्यं असतात, ती आंबटाशी गाठ पडली की वास सोडायचं थांबतात, म्हणून तर आपण मासे कापल्यावर हाताला लिंबू चोळतो. तसंच स्वयंपाकघराचा मॉप धुऊन झाला की शेवटच्या पाण्यात अर्धं लिंबू पिळा नाहीतर दोन चमचे व्हिनेगर घाला, पाच मिनिटं ठेवा आणि परत साध्या पाण्यातून काढा. बांगडा, तारली, पेडवे असल्या तेलकट माशांच्या दिवसांत हे रोज, बाकी एक दिवसाआड चालेल.

प्रश्न : फणस फोडला आणि चीक लादीवर, मुलानं मदत म्हणून मॉप फिरवला! आता मॉपच्या झालरीचे गोळे झालेत. टाकून देऊ? — राजापूर

उत्तर : नका टाकू. चीक पाण्यानं सुटत नाही, तेलानं सुटतो, विळीला लावता तेच खोबरेल. मॉप कोरडा असताना गोळ्यांना तेल चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, चीक मऊ झाला की कागदानं किंवा चमच्याच्या कडेनं ओढून काढा, मग भांड्याचा साबण आणि कोमट पाणी दोनदा. तेल पूर्ण गेलं पाहिजे नाहीतर लादीवर घसरगुंडी होईल. जे धागे सुटतच नाहीत ते कात्रीनं कापा, झालरीत पाच दहा धागे कमी झाले तर मॉपला काही होत नाही. मुलाला मात्र ओरडू नका हां, मदत करतोय ते काय कमी आहे.

प्रश्न : व्हिडिओत दाखवतात तसं खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून मॉप भिजवला, फेस भरपूर आला, मॉप होता तसाच. आणि मॉप वॉशिंग मशीनमध्ये टाकला तर चालतो का? — चिपळूण

उत्तर : फेस बघायला छान वाटतो म्हणून व्हिडिओत असतो. सोडा आणि व्हिनेगर एकमेकाला मारतात, उरतं ते जवळजवळ साधं खारं पाणी. वेगवेगळे वापरा, तेलकट मॉपला सोड्याच्या पाण्यात भिजवा, धुवा, आणि मग वासासाठी व्हिनेगर.

मशीनमध्ये चालतो, चकतीतून झालर सुटी होत असेल तर उत्तमच. आधी हातानं गाळ काढा, जाळीच्या पिशवीत घाला, एकटाच लावा, कपड्यांबरोबर नको. ड्रायरची कडक गरम हवा नको, नुसता स्पिन द्या. संडास बाथरूमचा मॉप मशीनमध्ये टाकायला माझं मन धजत नाही, पण ते माझं.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, गावचं घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद. दर वेळी जाऊन बघावं तर मॉपवर काळे ठिपके, दांडा गंजलेला, एकदा तर झालरीत उंदरानं पिल्लं घातली होती. जाताना काय करून ठेवायचं? — डोंबिवली, मूळ गाव दापोली तालुका

उत्तर : काळे ठिपके म्हणजे बुरशी. तो मॉप घरात झटकू नका, कण हवेत उडतात आणि दमा असलेल्याला त्रास होतो, तोंडाला रुमाल बांधून सरळ बाहेर न्या. सुती असेल तर टाकून द्या, जीव अडकवू नका त्यात. मायक्रोफायबर असेल तर अंगणात वर सांगितलंय तसा धुऊन बघा, ठिपके राहतील ते राहू देत, वाळल्यावर नाक जवळ नेऊन बघा, कुबट वास राहिलाच तर तोही टाकायचा. बंद घर उघडल्यावर पहिलं पुसणं मॉपनं करूच नका, जुन्या सुती साडीचे तुकडे घेऊन जा, महिन्यांची धूळ, पालीची घाण, उंदरांच्या लेंड्या सगळं त्याला लावा आणि फेका. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, पाणी शिंपडून मग उचलायच्या, हातात मोजे घालून.

निघताना मॉप निघायच्या दिवशी धुऊ नका, तो वाळणारच नाही. आदल्या दिवशी सकाळी धुवा, शेवटच्या दिवसाचं पुसणं त्या साडीच्या तुकड्यांवर भागवा. गणपतीत निघताना तर पाऊस असतोच, तेव्हा चकती काढून सरळ बॅगेत घालून मुंबईला आणा आणि घरी वाळवा, ओली चकती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गावाला ठेवलीत तर पुढच्या वेळी पिशवी उघडायचीही हिंमत होणार नाही. मे महिन्यात निघत असाल तर खळ्यात कडक ऊन द्या, मग सुती पिशवीत घालून वाशाला टांगा, पण उंदीर वाशावरूनही येतात म्हणून पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा असेल तर तो सगळ्यात बरा. डब्यात जाणारी चकती मात्र अगदी खडखडीत वाळलेली हवी. बादली पुसून पालथी, फिरकीची जाळी सुटी. दांडा लांबवायचा असतो तो पूर्ण लांबवून आतला भाग पुसा आणि खोबरेलाचं बोट फिरवून ठेवा, आखडलेला ठेवलात तर आत ओल राहून तो तिथंच धरतो.

गणपतीला जाताना नवी चकती मुंबईहूनच न्या, आणि घ्यायच्या आधी जुनीचा खालून फोटो काढून ठेवा, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, काहींची गोल, काहींची तिकोनी, आणि गावच्या बाजारात नेमकी तुमची मिळेलच असं नाही.